गोळीचे वजन, जिवाचे मोल

आमच्या आजोबांनी १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षा घेतली. गावी परतल्यावर त्यांनी पहिले काम केले ते घरातली दारूची बाटली उकिरड्यावर फोडण्याचे, असे आमच्याकडे सांगतात. तेव्हापासून आमच्या उंबऱ्याच्या आत दारू आली नाही. रविवारी विहारात पंचशील घेताना पाचव्या शिलापाशी आम्हा दोघा नवरा-बायकोचा आवाज जरा मोठाच होई. त्यात अभिमान होता. वाचकहो, आज आम्ही लिहितो आहोत ते तो अभिमान उतरल्यानंतर.

हा लेख आम्ही दोघांनी मिळून लिहिला आहे. बोललो दोघे, कागदावर उतरवले एकाने. मुलाचे नाव, वस्तीचे नाव देत नाही. खटला न्यायालयात आहे, आणि यात आणखी एका घराचे दुःख आहे. ते चव्हाट्यावर आणण्याचा आम्हाला अधिकार नाही.

१३ एप्रिल २०२४ ची रात्र. वस्तीत भीमजयंतीची धामधूम. पोरांनी दिवसभर पताका बांधल्या होत्या, निळे झेंडे लावले होते. बारा वाजता बाबासाहेबांच्या पुतळ्याला हार घातला, फटाके वाजले, घोषणा झाल्या. आम्ही घरी येऊन आडवे झालो. एकच्या सुमारास मुलगा आला आणि काही न बोलता डोक्यावरून चादर ओढून निजला. एप्रिलचा उकाडा, पंखासुद्धा गरम वारा टाकत होता, आणि पोरगा चादरीखाली थरथरत होता. आईने चादर ओढली. विचारले, काय झाले? तो बोलेना. दोनदा विचारले, तिसऱ्यांदा दंडाला धरून हलवले. तेव्हा म्हणाला, ''आई, तो उठत नाहीये.''

तो म्हणजे त्याचा लहानपणापासूनचा मित्र, वय एकोणीस. वडील नाहीत. आई चार घरची धुणीभांडी करते, आमच्याच विहाराच्या महिला मंडळात आहे.

आम्ही धावलो. सार्वजनिक शौचालयाच्या मागे, भिंतीला टेकून तो पोर पडलेला. आधी त्याला झटका आला होता, मग घोरल्यासारखा आवाज, आणि आम्ही पोहोचलो तेव्हा तोही अडखळत होता. ओठ काळेनिळे. बरोबरची पोरे पळाली होती. आमचाही पळालाच होता. तो उठत नाही हे दिसल्यापासून आमच्या मुलाने तोंड उघडेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटे गेली होती. ही वीस-पंचवीस मिनिटे आम्ही अजून मोजतो.

रिक्षात घालून सरकारी रुग्णालयात नेले. डॉक्टर तरुण होते. म्हणाले, ''काय घेतलंय याने? खरं सांगा, वेळ नाही.'' एका पोराने सांगितले, बिअर. डॉक्टरांनी पोराच्या पापण्या उघडून बघितल्या. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. म्हणाले, ''नुसत्या बिअरने असं होत नाही.'' आम्ही मुलाकडे पाहिले. बाप म्हणाला, ''खिशात काय आहे ते काढ.'' मुलाने गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी नाव वाचले आणि लगेच धावपळ सुरू झाली. ऑक्सिजन, सलाईन, इंजेक्शन. दोन दिवस पोर अतिदक्षता विभागात होता. वाचला.

मित्र वाचला तो त्या पट्टीमुळे. आणि आमचा मुलगा अडकला तोही त्याच पट्टीमुळे. अशा रुग्णाची खबर रुग्णालयाला पोलिसांना द्यावी लागते. पहाटे पोलीस आले, पंचनामा झाला, आणखी दोन पट्ट्या घरातून निघाल्या. जयंतीच्या सकाळी वस्तीतून मिरवणूक निघाली तेव्हा आम्ही पोलीस ठाण्याच्या बाकावर बसलो होतो.

मुलाचे काय चुकले ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलायला तोंड राहील. तो भिवंडीच्या एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे काम करीत होता. बारा-बारा तास खोकी उचलायची. पाठ धरली. बरोबरच्या कामगाराने एक गोळी दिली. दुखणे गेलेच, वर अंगात तरतरी आली, भूक कमी झाली. आठवड्यात एक, मग रोज एक, मग रोज चार. एक दिवस घेतली नाही की अंग फुटायचे, घाम सुटायचा, जुलाब व्हायचे. आम्हाला वाटले कामाचा थकवा. आणि एक गोष्ट आम्हाला अटकेनंतर कळली. ती लपवत नाही. त्याने दोनदा पैसे घेऊन मित्रांना पट्टी दिली होती. त्या रात्री मात्र ''पाठ दुखतेय'' म्हणणाऱ्या मित्राच्या तळहातावर त्याने फुकट चार गोळ्या ठेवल्या होत्या. मित्राने आधीच बिअर घेतली होती, हे त्याला माहीत होते.

त्या गोळीचे नाव ट्रॅमाडॉल. आमच्या लहानपणी, १९८० नंतरच्या काळात, वस्तीत गर्द आला होता. गर्दुल्ले आम्ही पाहिले आहेत. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण काढले ते त्याच काळात. गर्द अफूपासून होतो. ट्रॅमाडॉलला अफूचे झाड लागत नाही. ते रसायनांपासून कारखान्यात बनते, पण मेंदूत जाऊन बसते ते अफूच्याच जागेवर. जर्मनीत ते १९७७ पासून औषध म्हणून विकले जाऊ लागले. शस्त्रक्रियेनंतर, कर्करोगात ते खरोखर कामाला येते, त्या रुग्णांना ते मिळालेच पाहिजे. पण जास्त झाले की झटके येतात, आणि दारूबरोबर घेतले की श्वास मंदावतो. माणूस झोपल्यासारखा दिसतो आणि झोपेतच जातो. गर्दुल्ला ओळखू यायचा. ही गोळी ओळखू येत नाही. ती औषधाच्या दुकानातून, औषधाच्याच पुडक्यात येते.

आमची भाची विधी महाविद्यालयात शिकते. मुलाला अटक झाली त्या आठवड्यात ती रोज संध्याकाळी वही घेऊन यायची. तिने आम्हाला कायदा समजावून सांगितला. तो आम्ही आमच्या शब्दांत सांगतो, कारण आपल्या वस्त्यांमध्ये हा कायदा अटक झाल्यावरच कळतो.

अमली पदार्थांचा कायदा, ज्याला एनडीपीएस म्हणतात, तो १९८५ चा. एप्रिल २०१८ मध्ये ट्रॅमाडॉल त्याच्या यादीत आले. या कायद्यात शिक्षा ठरते ती वजनावर. ट्रॅमाडॉल ५ ग्रॅमपर्यंत असेल तर अल्प मात्रा, शिक्षा एक वर्षापर्यंत किंवा दंड किंवा दोन्ही. २५० ग्रॅमच्या वर असेल तर व्यापारी मात्रा, किमान दहा वर्षे, कमाल वीस, आणि जामीन जवळजवळ नाहीच. मधले सगळे दहा वर्षांपर्यंत.

आम्ही म्हणालो, एका गोळीत ५० मिलिग्रॅम औषध, म्हणजे ५ ग्रॅम व्हायला शंभर गोळ्या लागतील, आपल्याकडे तर तीन पट्ट्याही पुऱ्या नाहीत. भाची म्हणाली, ''नाही मामा, तसं मोजत नाहीत.'' एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिरा सिंग खटल्यात निकाल दिला की, नुसते औषध मोजायचे नाही, त्यात मिसळलेली भर धरून सगळे वजन मोजायचे. गोळीतली भर औषधाच्या कितीतरी पट असते. म्हणजे पंचवीस-तीस गोळ्यांनीही काटा खाली जाऊ शकतो.

मग आईने विचारले, ''आणि त्या पोराचा जीव? तो कुठल्या काट्यावर?''

भाची वहीतले पान उलटत राहिली. या कायद्यात मरता मरता वाचलेल्या माणसासाठी वेगळा रकाना नाही. अल्पवयीन मुलांना झळ लागली, किंवा शाळा-कॉलेजात गुन्हा झाला, तर न्यायाधीश किमान शिक्षेपेक्षा जास्त देताना ते ध्यानात घेऊ शकतात. बाकी सगळे ग्रॅमवर. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालण्याचे कलम आहे ते साध्या फौजदारी कायद्यात. तेव्हा लागू असलेल्या भारतीय दंड संहितेत ते ३३६ वे होते. निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीचशे रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते १२५ वे कलम झाले. कैद तीच तीन महिने, दंड अडीच हजार. जबर दुखापत झाली तर तीन वर्षांपर्यंत. गुंगीचा किंवा विषारी पदार्थ देऊन इजा करणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तेथे इजा करण्याचा हेतू किंवा इजा होईल याची जाणीव सिद्ध व्हावी लागते.

म्हणजे एकीकडे जिवाची किंमत तीन महिने, दुसरीकडे गोळ्यांच्या भरीची किंमत दहा वर्षांपर्यंत. आम्ही अडाणी नाही, पण हा हिशेब आम्हाला अजून लागलेला नाही.

मुलगा तेवीस दिवस आत राहिला. जामीन मिळाला तो विधी सेवा प्राधिकरणाने दिलेल्या वकिलांमुळे. वाचकांसाठी हे मुद्दाम सांगतो. १९८७ च्या कायद्याने अनुसूचित जातीच्या माणसाला, बाईला आणि कोठडीत असलेल्या कोणालाही सरकारी खर्चाने वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने आपल्या बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या सवलती मिळाल्या, म्हणून दाखला घरात नीट ठेवावा. जिल्हा न्यायालयात हे कार्यालय असते, १५१०० वर फोनही लागतो. दागिने गहाण टाकण्याआधी तेथे जावे. आम्ही आधी दागिने टाकले.

आणि ते औषधाचे दुकान? मुलाने जबाबात दुकान सांगितले होते. चिठ्ठी न मागता पट्ट्या देणारे तेच. दुकानाला नोटीस गेली, काही दिवस शटर खाली राहिले. मुलगा सुटून घरी आला त्या दिवशी आम्ही दुकानावरून गेलो. शटर वर होते, दिवे लागले होते, गिऱ्हाईक उभे होते.

त्याच उन्हाळ्यात मालवणीच्या विषारी दारूचा निकाल आला. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे त्या दारूने मेली होती, सगळी मोलमजुरी करणारी. नऊ वर्षांनी सत्र न्यायालयाने चौघांना दोषी धरले, दहा जण सुटले. गोळी असो की दारू, विष जिथून सुरू होते तिथपर्यंत कायद्याचा हात पोहोचायला दम लागतो. वस्तीपर्यंत मात्र तो पहाटेच पोहोचतो.

भाचीने आणखी एक गोष्ट सांगितली ती अमेरिकेची. तेथे फेंटॅनिल नावाचे असेच कारखान्यात बनणारे औषध आहे, हेरॉइनच्या पन्नास पट तेज. दोन मिलिग्रॅम, म्हणजे मिठाचे काही कण, माणूस मारायला पुरे. तेथे २०२१, २०२२ आणि २०२३ या तिन्ही वर्षी अमली पदार्थांच्या अतिमात्रेने दर वर्षी एक लाखावर माणसे गेली, त्यांतली बहुतेक अशा कृत्रिम औषधांनी. तेथे १९८६ पासून कायदा आहे की, विकलेल्या मालाने माणूस मेला तर विकणाऱ्याला किमान वीस वर्षे. आपल्याला वाटेल, बरे झाले, तेथे जीव मोजतात तरी. पण त्याच १९८६ च्या कायद्यात दुसरे एक कलम होते. काळ्या लोकांच्या वस्त्यांत मिळणाऱ्या क्रॅक कोकेनच्या ५ ग्रॅमला जी पाच वर्षे, ती गोऱ्यांच्या पार्ट्यांत चालणाऱ्या पावडर कोकेनच्या ५०० ग्रॅमला. पदार्थ एकच, फरक शंभर पटींचा. काळ्या आयांची मुले वर्षानुवर्षे तुरुंगात राहिली. २०१० मध्ये तो फरक अठरा पटींवर आणला, पुरता गेला नाहीच.

आणि वरची माणसे? जॉन कपूर नावाचे गृहस्थ अमृतसरला जन्मलेले, अमेरिकेत औषध कंपनीचे मालक झाले. त्यांच्या इन्सिस कंपनीचा फेंटॅनिलचा फवारा कर्करोगाच्या वेदनांसाठी होता. तो कर्करोग नसलेल्यांनाही लिहून द्यावा म्हणून डॉक्टरांना पैसे चारले गेले. २०१९ मध्ये बोस्टनच्या न्यायालयात ते दोषी ठरले, जानेवारी २०२० मध्ये शिक्षा झाली ती साडेपाच वर्षे. गल्लीत पुडी देणाऱ्याला माणूस मेल्यास वीस, आणि दालनात बसून हे चालवणाऱ्याला साडेपाच. एवढा मोठा मालक तुरुंगात गेला हीच तेथे मोठी बातमी होती.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बातमी आपल्या दारात आली. बीबीसीच्या पत्रकारांनी दाखवले की, पालघर जिल्ह्यात कारखाना असलेली मुंबईची एक कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल या दोन औषधांची एकत्र गोळी बनवून घाना, नायजेरिया, आयव्हरी कोस्ट या देशांत पाठवते. टॅपेंटाडॉल म्हणजे ट्रॅमाडॉलचेच भावंड. २०१८ साली ट्रॅमाडॉल यादीत आले तेव्हा हे यादीत आले नाही. ही जोडगोळी जगात कोठेच औषध म्हणून मंजूर नाही. कंपनीच्या संचालकाने छुप्या कॅमेऱ्यासमोर मान्य केले की, हे शरीराला घातक आहे, पण धंदा आहे. घानातल्या तमाले शहरात पोरे या गोळ्यांनी इतकी नासली की, लोकांनी शंभरेक स्वयंसेवकांचे पथक करून गोळ्या पकडून जाळायला सुरुवात केली. बातमीनंतर आपल्या अन्न व औषध प्रशासनाने छापा घालून साठा जप्त केला, उत्पादन थांबवले, आणि केंद्राने त्या जोडगोळीवर बंदी घातली.

तमालेतल्या आया काळ्या, आपण सावळे. त्यांची पोरेही ओझीच वाहतात. आणि त्यांच्या गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरणारे हात कोणाचे असतील? औद्योगिक वसाहतींत रोजंदारीवर पॅकिंग करणाऱ्या आपल्याच पोरा-पोरींचे. त्यांना खोक्यात काय आहे हे कोणी सांगत नाही.

हे सगळे ऐकून आम्ही भन्तेजींकडे गेलो. आमचे म्हणणे एवढेच होते की, पाचवे शील आम्ही पाळले, आमच्या मुलाने मोडले, आता काय? भन्तेजी म्हणाले, पाचवे शील स्वतःने नशा न करण्याचे आहे खरे, पण भगवंतांनी उपासकाला पाच व्यापार करू नयेत असेही सांगितले आहे. शस्त्रांचा, प्राण्यांचा म्हणजे माणसांचाही, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. अंगुत्तर निकायात ते आहे. ''तुम्ही घरात कोण पितो एवढंच पाहिलं. कोण विकतो, कोण हातावर ठेवतो, हे पाहिलं नाही,'' असे ते म्हणाले. आम्हाला ते लागले. मुलाच्या तळहातावरून मित्राच्या तळहातावर गेलेल्या चार गोळ्या हाही विषाचा व्यापारच होता, फुकट असला तरी. पण मग दुकानदाराचा, कारखानदाराचा व्यापार तर त्याहून कितीतरी मोठा.

कूटदन्त सुत्तात एक गोष्ट आहे. महाविजित राजाच्या राज्यात चोऱ्या वाढल्या होत्या. पुरोहिताने राजाला सांगितले की, मारून, बांधून, दंड करून हे थांबणार नाही, जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. शेतकऱ्याला बी द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, काम करणाऱ्याला वेतन द्या. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. भिवंडीच्या गोदामात आठ तासांचे काम असते आणि पाठ धरल्यावर भरपगारी रजा असती, तर आमच्या मुलाने पहिली गोळी घेतली असती का, हे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. पण न घेण्याची शक्यता वाढली असती.

याचा अर्थ त्याला शिक्षाच नको असा आम्ही म्हणत नाही. अंगुलिमालाला संघात घेतल्यावरही लोकांनी मारलेले दगड त्याच्या डोक्यात बसलेच, आणि भगवंतांनी त्याला ते सहन करायला सांगितले. केल्याचे फळ भोगावे लागते. बाबासाहेबांनी आपल्याला कायद्याच्या राज्यात आणून ठेवले. त्या राज्यातून आमचा मुलगा वगळा, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणणार?

मित्राच्या आईकडे जायला आम्हाला दोन महिने लागले. पाय उचलत नव्हता. एका संध्याकाळी तीच आमच्या दारात उभी राहिली. आईने पाणी दिले. ती बराच वेळ पाण्याच्या तांब्याकडे बघत बसली. मग म्हणाली, ''वहिनी, तुमच्या पोराला शिक्षा होऊ नये असं मी म्हणणार नाही. माझा पोर मेला असता. पण दुकानवाल्याच्या आधी होऊ नये. आणि एक सांगते, त्याने पट्टी काढून दिली नसती तर माझा पोर घरी आला नसता. न्यायालयात मला बोलावलं तर हेही मी सांगणार.''

त्या बाईला चौथीपुढे शाळा मिळाली नाही. पण एवढ्या दिवसांत न्यायाची गोष्ट आम्हाला तिनेच नीट सांगितली. चूक चूकच, पण तिच्याहून मोठी चूक आधी. आणि जीव वाचवणारा हात वेगळा मोजा.

हे शेवटचे फार महत्त्वाचे आहे. त्या रात्री पोरे का पळाली? ती वाईट नव्हती. त्यांना पोलिसांची भीती होती. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला शिक्षा, म्हणून केलेला कायदाच, अशा वेळी पळायला लावून जीव धोक्यात घालतो. अमेरिकेत हे त्यांच्या ध्यानात आले. २००७ मध्ये न्यू मेक्सिको राज्याने पहिला कायदा केला की, अतिमात्रेच्या वेळी मदत मागणाऱ्यावर जवळ बाळगल्याचा खटला भरायचा नाही. पुढे बहुतेक राज्यांनी तसा केला. आपल्याकडे रस्त्यावरच्या अपघातात जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण मिळाले. एनडीपीएस कायद्यातही ६४-अ हे कलम आहे. सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात अडकलेला व्यसनी स्वतःहून उपचाराला गेला तर त्याला खटल्यातून संरक्षण मिळते. पण मित्राला रुग्णालयात नेणाऱ्यासाठी, पट्टी टेबलावर ठेवणाऱ्यासाठी त्यात काही नाही. ते असावे, ही आमची मागणी आहे. आपल्या आमदार-खासदारांनी, संघटनांनी ती लावून धरावी.

कायदा होईल तेव्हा होईल. आमच्या वस्तीच्या जयंती समितीने २०२५ च्या जयंतीआधी बैठकीत एक ठराव केला. कोणी असा पडला तर कोणी दिल्या, कोठून आणल्या, हे त्या घटकेला कोणी विचारायचे नाही. आधी १०८ ला फोन. पडलेल्याला कुशीवर वळवायचे, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. एकटे सोडायचे नाही. झोपू दे, उतरेल, असे म्हणायचे नाही. घोरल्यासारखा आवाज, निळे ओठ, टाचणीएवढ्या बाहुल्या ही मरणाची लक्षणे आहेत. काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगायचे, पट्टी बरोबर न्यायची. बाकीचा हिशेब सकाळी. ज्याला सुटायचे आहे त्याने १४४४६ या सरकारी व्यसनमुक्ती क्रमांकावर फोन करायचा, समितीचा एक माणूस केंद्रापर्यंत बरोबर जाईल. हा ठराव लिहून विहाराच्या भिंतीला लावला आहे. अक्षर आमच्या मुलाचे आहे.

मुलगा आठ महिने उपचारावर होता. आता गोदाम सोडून एका छापखान्यात जातो. तारखेला न्यायालयात जातो. निकाल काय लागेल ते आम्हाला माहीत नाही. लागेल तो मान्य करू, अपिलाचा अधिकार वापरू, कारण तोही बाबासाहेबांनीच शिकवला. मित्र बरा आहे. दोघे बोलतात, पण पूर्वीसारखे नाही.

रविवारी विहारात पाचवे शील येते तेव्हा आमचा आवाज आता मोठा होत नाही. शेजारी मित्राची आई बसलेली असते. तिच्या आवाजाबरोबर आमचा आवाज ठेवून आम्ही ते म्हणतो.

नमो बुद्धाय. जय भीम.